अणूंचं गवंडीकाम आणि चिमूटभर पांढरी राख

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशिअमची फीत जाळलेली बहुतेकांना आठवत असेल. चिमट्यात धरलेली करडी फीत, बर्नरची ज्योत, डोळे दिपवणारा पांढरा उजेड, ‘थेट बघू नका रे’ असा बाईंचा ओरडा आणि शेवटी बशीत पडलेली चिमूटभर पांढरी राख. वहीत समीकरण लिहून झालं की राख बेसिनमध्ये जायची.

ती राख म्हणजे मॅग्नेशिअम ऑक्साइड. जगातली सगळ्यात लहान यंत्रं कधी बांधली, तर त्यांच्या विटा या राखेच्या का असू नयेत, असा एक प्रश्न आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो थट्टेचा वाटला होता. हिरा, सोनं, सिलिकॉन सोडून राख? पण खोलात गेल्यावर वाटायला लागलं की ही राख आहे, म्हणूनच ती कामाची आहे.

आधी मापाचं बघू

‘नॅनो’ हा शब्द आता खताच्या बाटलीपासून भिंतीच्या रंगाच्या डब्यापर्यंत सगळीकडे चिकटलाय. अर्थ साधा आहे: एका मीटरचे १०० कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. (मोबाइलच्या चिपबद्दल ‘२ नॅनोमीटर’ असं वाचाल, पण ते आता चिपच्या पिढीचं नाव झालंय, मोजपट्टीवरचं माप नव्हे.)

नॅनो यंत्र म्हणजे दहा-वीस किंवा शंभर नॅनोमीटरचे दांडे, चाकं, तरफा, बिजागऱ्या. हे अगदीच कपोलकल्पित नाही. आपल्या पेशींत एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन असतं. त्याची रुंदी साधारण १० नॅनोमीटर आणि ते खरोखर गरगर फिरतं. पण ते मऊ, लवचीक आणि कायम पाण्यात भिजलेलं. कारखान्यातल्या लेथसारखं टणक, कोरडं आणि अणूच्या अंतराइतकं नेमकं यंत्र करता येईल का, हा वेगळा प्रश्न. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या भाषणात अणू एकेक करून हव्या त्या जागी ठेवण्याची कल्पना मांडली. पुढे अमेरिकन अभियंता एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी आणि १९९२ मध्ये पुरती आकडेमोड करून तिचा आराखडा दिला. त्यांचा लाडका माल होता हिरा, म्हणजे हिऱ्यासारख्या बांधणीचा कार्बन.

हिरा असताना राख कशाला?

हिरा कणखर आहे यात वाद नाही. अडचण त्याच्या स्वभावाची आहे. हिऱ्यातल्या प्रत्येक कार्बन अणूला जणू चार हात असतात आणि ते ठरावीक चार दिशांनाच पसरलेले असतात. आत खोलवर चारही हात चार शेजाऱ्यांच्या हातात. पण हिऱ्याचा चाकासारखा तुकडा कापला, की कडेच्या अणूंचे काही हात रिकामे लोंबकळतात. हे रिकामे हात आधाशी असतात, जे मिळेल ते पकडतात: हवेतला ऑक्सिजन, शेजारचं चाक, बांधणाऱ्याचं हत्यारसुद्धा. म्हणून प्रत्येक रिकाम्या हातात हायड्रोजनचा अणू देऊन ठेवावा लागतो. नवा अणू जोडायचा तर आधी हायड्रोजन सोडवा, अणू जोडा, पुन्हा हायड्रोजन बसवा. एकेका विटेमागे तीन-तीन कामं.

शिवाय हिरा हे शेवटी इंधन आहे. हवेत ७००-८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो जळायला लागतो.

राखेचं तसं नाही. ती आधीच जळून मोकळी झालेली आहे. मॅग्नेशिअमला ऑक्सिजनकडून जे हवं होतं ते त्या झगझगीत उजेडाच्या दोन-चार सेकंदांत मिळून गेलं. आता हवेतला ऑक्सिजन तिचं काय करणार?

बुद्धिबळाचा पट

या राखेची आतली मांडणी मिठासारखीच आहे. खडेमीठ भिंगाखाली धरलं तर चौकोनी कडा दिसतात, तोच नमुना. मॅग्नेशिअमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि धन प्रभाराचा होतो, ऑक्सिजन ते दोन घेऊन ऋण होतो. अशा प्रभार असलेल्या अणूला आयन म्हणतात. धन आणि ऋण आयन आळीपाळीनं, बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखे बसतात. फक्त हा पट वर-खाली, पुढे-मागे असा तिन्ही दिशांना पसरलेला आहे. शेजारच्या दोन घरांमधलं अंतर ०.२१ नॅनोमीटर.

मिठात प्रत्येक आयनवर एक-एक प्रभार असतो, इथे दोन-दोन. दोन गुणिले दोन म्हणजे ओढ चौपट. त्यात आयन एकमेकांच्या आणखी जवळ. हिशेब केला तर मिठापेक्षा हा स्फटिक जवळपास पाचपट घट्ट बांधलेला निघतो. मीठ ८०१ अंशांना वितळतं, लोखंड १५३८ अंशांना, आणि ही राख २८०० अंश ओलांडल्यावर. पोलादाच्या भट्ट्यांना आतून याच्याच विटा लावतात ते म्हणूनच. पाणी तापवायच्या रॉडमध्ये तारेचं वेटोळं आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये हीच पूड ठासून भरलेली असते. ती वीज अडवते, पण उष्णता जाऊ देते. म्हणजे आंघोळीच्या बादलीपर्यंत ही राख आधीच पोचलेली आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आयनच्या ओढीला ठरावीक दिशा नसते. दिव्याचा उजेड जसा चहूकडे पसरतो तशी ती. त्यामुळे स्फटिक कापला तरी लोंबकळणारे हात उरत नाहीत. आतल्या आयनला सहा शेजारी असतात, सपाट पृष्ठभागावरच्याला पाच, कडेवरच्याला चार आणि कोपऱ्यावरच्याला तीन. पृष्ठभागावरच्याचा सहातला एकच शेजारी कमी झाला, तेवढं तो चालवून घेतो. हे सहा-पाच-चार-तीन लक्षात ठेवा, पुढच्या जवळजवळ प्रत्येक शंकेचं उत्तर त्यात आहे.

घट्ट चौकोनी बांधणीचा पुरावा हवा असेल तर जळत्या फितीच्या धुराकडे बघा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणारे लोक या धुरात जाळी धरून नमुना घेतात. सूक्ष्मदर्शकात दिसतात काटकोनात घडवल्यासारखे घन, काही दहा-वीस नॅनोमीटरचे, काही शंभर-दोनशेचे. जुन्या काळी फोटोच्या स्टुडिओत मॅग्नेशिअमच्या पुडीचा भपका उडवून उजेड पाडायचे. नंतर जो पांढरा धूर तरंगायचा, त्यात असले असंख्य घन असत.

दोन पट समोरासमोर आले की चिकटणार नाहीत?

चिकटतील. दांड्याचा पृष्ठभाग आणि भोकाची भिंत, दोन्ही पटच. पांढऱ्यावर काळं आलं की ओढ, एक घर सरकलं की पांढऱ्यावर पांढरं येऊन ढकलाढकली. असं चाक फिरेल ते ठेचकाळत. खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं.

पण वरचा पट थोडा तिरका करून ठेवला तर? ४५ अंशांत फिरवला तर वरच्या आणि खालच्या घरांच्या रांगा एकमेकींशी जुळतच नाहीत. काही आयन ओढतात, तितकेच ढकलतात, आणि बेरीज शून्याजवळ येते. अंड्यांचे दोन ट्रे एकावर एक सरळ ठेवले तर खाचा एकमेकींत बसतात, तिरके ठेवले तर वरचा ट्रे सहज सरकतो, तसं. प्रत्यक्ष मापनही आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात मिठाच्या स्फटिकावरून सूक्ष्म सुई ओढून पाहिली. तिच्यावरचा दाब पुरेसा कमी केल्यावर अडखळणं संपून ती सलग सरकायला लागली. २००४ सालची ही गोष्ट आहे. मीठ म्हणजे आपल्या राखेचा चुलतभाऊच.

इथे धातू मार खातो. सोन्याचे किंवा चांदीचे दोन स्वच्छ तुकडे या मापात एकमेकांना टेकले, तर ते थंडपणे एकजीव होऊ शकतात, कारण कडेच्या अणूंना आपण कुठल्या तुकड्याचे हे कळायला मार्गच नसतो.

चिनी मातीच्या कपासारखं फुटेल ना?

ही शंका सगळ्यात आधी येते आणि माझ्या मते ती सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. कप फुटतो तो मातीच्या स्वभावानं कमी आणि आतल्या बारीक तड्यांमुळे जास्त. तडा टोकाशी ताण गोळा करतो आणि धावत सुटतो. पन्नास नॅनोमीटरच्या घनात धावायला तेवढा तडाच मावत नाही. फ्रान्समधल्या ल्याँ शहरातल्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास या राखेचे नॅनो घन सूक्ष्मदर्शकाखाली दाबून बघितले. ते फुटले नाहीत, मऊ धातूसारखे चेपत गेले.

ताठरपणाही पुरेसा आहे, पोलादापेक्षा थोडा जास्तच, आणि वजन पोलादाच्या निम्म्याहून कमी. हिऱ्याची सर नाही येणार, त्याचा ताठरपणा याच्या तिप्पट-चौपट. पण तुळई काही नेहमी जगातली सगळ्यात ताठर लागत नाही, भार पेलण्याइतकी पुरते.

आणि पाणी लागलं तर?

ही मात्र खरी दुखती नस.

मॅग्नेशिअम ऑक्साइड पाण्याशी संयोग पावून मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड होतं. पित्तावर घेतात ते पांढरं, खडूसारखं औषध, मिल्क ऑफ मॅग्नेशिया, ते हेच. घनफळ मात्र सुमारे सव्वादोन पट होतं. खिडकीची लाकडी चौकट पावसाळ्यात जरा फुगली तरी दार लागत नाही, इथे माल दुपटीहून जास्त फुगतोय. भट्टीच्या विटा बनवणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. दमट गोदामात पडून राहिलेल्या मॅग्नेशियाच्या विटांना तडे जातात, त्यांचा भुगा होतो. कोकणातल्या जुलै महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या नॅनो चाकाचं काय होईल ते सांगायला नको.

सुरुवात कुठून होते? तेच सहा-पाच-चार-तीन. सपाट, नितळ पृष्ठभागाला पाच शेजारी असल्यामुळे तो पाण्याला तितकासा भीक घालत नाही. कोपऱ्यावरचा तीन शेजाऱ्यांचा आयन मात्र उपाशी असतो. पाण्याचा रेणू तिथे तुटून बसतो आणि मग पोखरत आत जातो. रोजच्या दमट हवेत सपाट भागही शेवटी सुटत नाही. आणि नॅनो मापात कडा-कोपरेच फार. दहा-दहा आयनांच्या बाजूचा, म्हणजे सुमारे २ नॅनोमीटरचा घन घेतला, तर त्यातल्या १००० पैकी ४८८ आयन पृष्ठभागावरच असतात. निम्मं घर म्हणजे बाहेरची भिंत!

पाणी पुन्हा घालवता येतं. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवलं की हायड्रॉक्साइडमधून वाफ निघून ऑक्साइड परत मिळतं. पण आकार परत मिळत नाही, भिजून विरलेली भाकरी तव्यावर टाकून पुन्हा गोल होत नाही तशी. म्हणून असं यंत्र कोरड्या, बंद डबीतच ठेवावं लागेल. त्यात नवं काही नाही. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं करणारा जो संवेदक असतो, त्यातल्या सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्ट्या आजही हवाबंद डबीतच हलतात. याचा अर्थ इतकाच की रक्तवाहिनीत फिरून गाठी कातरणारी यंत्रं बांधायची असतील, तर ही राख विसरा.

ठीक, पण बांधणार कशानं?

माल चांगला असणं वेगळं आणि त्याची भिंत उभी करणं वेगळं. अणू हलवण्याचं हत्यार आपल्याकडे आहे. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागावरून आंधळ्याच्या काठीसारखी फिरते. १९८६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९८९ मध्ये डॉन आयग्लर यांनी तसल्याच सुईनं झेनॉनचे ३५ अणू निकेलवर सरकवून आपल्या कंपनीची, आयबीएमची, तीन अक्षरं लिहिली. मात्र ते सगळं अतिशीत तापमानात. जरा ऊब मिळाली असती तर अक्षरं विस्कटली असती.

या सगळ्या स्वप्नावर सगळ्यात टोकदार आक्षेप घेतला रिचर्ड स्मॉली यांनी. हे कार्बनच्या फुटबॉलसारख्या रेणूसाठी १९९६ चं नोबेल मिळालेले रसायनशास्त्रज्ञ. २००१ पासून त्यांचा आणि ड्रेक्सलर यांचा जाहीर वाद झाला. स्मॉली म्हणाले, अडचणी दोन आहेत: जाड बोटं आणि चिकट बोटं. अणू पकडणारी बोटंही अणूंचीच, मग एवढ्याशा जागेत ती मावणार कशी? आणि पकडलेला अणू बोटाला चिकटून बसला तर सोडणार कसा? संक्रांतीला लाडू वळताना पाक हाताला चिकटतो. आपण पाण्याचा हात लावून मोकळे होतो. अणूच्या बोटाला पाणी कुठलं लावायचं?

हिऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण कार्बनचा हात एकदा धरला की धरला. आयनाचा हिशेब शेजाऱ्यांच्या संख्येवर चालतो. सुईच्या टोकावर बसलेल्या आयनाला एखाद-दुसरा शेजारी असतो. स्फटिकावर अर्धवट रचलेल्या थराच्या कोनाड्यात त्याला तीन मिळतात. गर्दीच्या एसटीत दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला सीट रिकामी दिसली की तो दांडा आपणहून सोडतो. निदान कागदावर तरी चिकट बोटांचा प्रश्न इथे सौम्य होतो. जाड बोटांचा नाही, तो तसाच राहतो.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. एकटा धन आयन ठेवला तर तिथे उघडा प्रभार साचतो आणि आजूबाजूचं सगळं ओढलं-ढकललं जातं. मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजन सत्यनारायणाला बसवतात तसे जोडीनंच बसवायला हवेत.

यातलं प्रत्यक्षात किती झालंय? पटाचे अखंड थर घालणं सर्रास चालतं. निर्वात पेटीत, थोड्याशा ऑक्सिजनमध्ये, चांदीवर मॅग्नेशिअमची वाफ सोडली की एक-दोन अणूंच्या जाडीचा थर बसतो, कारण चांदीच्या आणि राखेच्या घरांच्या मापात साधारण तीन टक्क्यांचाच फरक आहे. पण ते भिंतीला रंग मारण्यासारखं झालं, वीट रचणं नव्हे. विटेच्या सगळ्यात जवळचं काम २०१४ मध्ये पुन्हा बाझलच्याच गटानं केलं. मिठाच्या पृष्ठभागात त्यांनी ब्रोमिनचे २० आयन एकेक करून बसवले आणि स्विस झेंड्यावरचा क्रूस काढला. वीजरोधक पृष्ठभागावर, आणि तेही खोलीच्या साध्या तापमानाला. झेनॉनच्या अक्षरांइतकं ते गाजलं नाही. मला विचाराल तर ते जास्त मोलाचं आहे, कारण ते आयन साध्या खोलीत जागेवर टिकले.

म्हणजे आज याचा उपयोग काहीच नाही?

यंत्र म्हणून नाही. राखेचं फिरतं चाक आजवर कुणी असं बांधलेलं नाही. पण भिंत म्हणून ही राख तुम्ही बहुधा वापरलेली आहे.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारं टोक असतं. त्यात चुंबकी धातूचे दोन थर आणि मध्ये एक-दोन नॅनोमीटरची वीजरोधक भिंत. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन चक्क आरपार जातात. अणूंच्या दुनियेचे नियम वेगळे आहेत, तिथे याला परवानगी असते. दोन्ही थरांचं चुंबकत्व एकाच दिशेला असेल तर जास्त जातात, उलट असेल तर कमी. या फरकावरून शून्य की एक ते कळतं. पूर्वी ही भिंत अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडची असायची, अस्ताव्यस्त मांडणीची, आणि फरक ७० टक्क्यांच्या आसपास अडकलेला. २००४ मध्ये आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन आणि जपानमधले शिंजी युआसा यांनी स्वतंत्रपणे मॅग्नेशिअम ऑक्साइडची शिस्तशीर स्फटिक भिंत वापरली आणि फरक एकदम २०० टक्क्यांच्या घरात गेला. पुढच्या काही वर्षांत हार्ड डिस्कची टोकं या भिंतीवर आली. २०१७ मध्ये आयबीएममध्येच या राखेच्या दोन थरांच्या चटईवर होल्मिअम या धातूचा एकच अणू ठेवून त्यावर शून्य-एक लिहून वाचून दाखवलं. तेही अतिशीत तापमानातच.

ही यंत्रं स्वतःच वाढत सुटली तर?

स्वतःच्या प्रती काढत सगळं जग खाऊन टाकणाऱ्या नॅनो यंत्रांची भीती अधूनमधून डोकं वर काढते. राखेच्या यंत्राला हवेत खायला काही नाही, पाण्यात ते फुगतं आणि आम्लात विरघळतं. पोटातलं आम्ल मारायला हेच संयुग देतात. म्हणजे चुकून गिळलं तर यंत्राचंच पचन होईल. खरी काळजी साधी आहे, बारीक पुडीची. खाण्यात चालणारा पदार्थ धुळीच्या रूपात फुप्फुसात गेला तरी चालेल असं नसतं. मॅग्नेशिअमचा धूर हुंगून वेल्डरला ताप येऊ शकतो.

मग कधी?

थोडी आकडेमोड करू. दहा नॅनोमीटर बाजूच्या घनात सुमारे १ लाख अणू. सुई सेकंदाला एक अणू बसवते असं मानलं, जे आज स्वप्नवत आहे, तर सव्वा दिवसात घन तयार. हे ऐकायला बरं वाटतं. त्याच वेगानं एक ग्रॅम बांधायला मात्र विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे ७० हजार पट काळ लागेल. म्हणून एका सुईनं भागणार नाही, कोट्यवधी सुया एकदम चालाव्या लागतील, आणि त्या सुया कोण बांधणार हा प्रश्न फिरून दारात उभा राहतो. कच्च्या मालाची ददात मात्र नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सव्वा ग्रॅमहून थोडं जास्त मॅग्नेशिअम असतं. मिठागरात मीठ काढून उरलेलं पाणी कडू लागतं ते त्याच्याच क्षारांमुळे.

तेव्हा पुढे कधी ‘राखेपासून नॅनो यंत्र’ अशी बातमी आली तर मी चाकाचं चित्र बघणार नाही, चित्रं संगणकावर कुणीही काढतं. मी तीन गोष्टी शोधेन. मॅग्नेशिअम-ऑक्सिजनची एक जोडी सुईनं उचलून स्फटिकाच्या ठरलेल्या कोनाड्यात ठेवली का? ती साध्या तापमानाला दुसऱ्या दिवशीही तिथेच होती का? आणि जळत्या फितीच्या धुरात फुकट मिळतो तसला घन, पण मधोमध आरपार चौकोनी भोक असलेला, कुणी करून दाखवला का? दांडा घालायला भोक लागतं, आणि ते धुरात मिळत नाही.